दर मिनिटाला गोठणारा सर्व्हर: कर्नेलमधलं लॉक कोण धरून बसलंय ते कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. लिनक्सवर एक मोठी सेवा चालू आहे. जावा असो, डेटाबेस असो की सी++ मधलं काही. थ्रेड (एकाच प्रोसेसमधल्या समांतर कामाच्या धारा) शंभर-दोनशे, मेमरी साठ-सत्तर जीबी. एरवी सगळं सुरळीत, पण ठरावीक अंतराने, समजा दर मिनिटाला, दोन-तीन सेकंद सगळ्या विनंत्या तुंबतात आणि मग एकदम सुटतात. सरासरी प्रतिसादवेळ छान दिसते. नव्याण्णवाव्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का विनंत्यांच्या, ग्राफवर मात्र सारख्या अंतरावर काटे उभे राहिलेले असतात.

जीसी (जावाची मेमरी-सफाई) लॉग स्वच्छ. डिस्क निवांत. नेटवर्कवर पॅकेट गळत नाहीत. आणि त्या दोन सेकंदांत सीपीयूचा वापर वाढत नाही, उलट खाली येतो. सेवा रीस्टार्ट केली की काही तास बरं वाटतं, मग हळूहळू पुन्हा तेच सुरू होतं. त्याच मशीनवरच्या दुसऱ्या प्रोसेसना काहीही झालेलं नसतं.

या वर्णनातल्या तीन गोष्टी पुढे कामाला येणार आहेत, म्हणून त्या आधीच नोंदवून ठेवा: अंतर ठरावीक आहे, त्रास एकाच प्रोसेसला आहे, आणि मेमरी भरत गेली की तो वाढतो. बहुतेक ठिकाणी या टप्प्यावर कोणीतरी ‘मोठं मशीन घेऊ या’ म्हणतं. घेऊ नका. कोअर वाढवल्याने रांगेत उभे राहणारे वाढतील, रांग पुढे सरकणार नाही.

आधी हे ठरवा: थ्रेड फिरतायत की झोपलेत

सामायिक माहितीला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लॉक वापरतं. ही लॉक्स ढोबळमानाने दोन जातींची. स्पिनलॉक मिळालं नाही तर सीपीयू तिथेच गरगर फिरत थांबतो. म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं) आणि आरडब्ल्यूसेम (वाचणाऱ्या अनेकांना किंवा लिहिणाऱ्या एकालाच मिळणारं) मिळालं नाही तर थ्रेडला झोपवलं जातं आणि सीपीयू दुसऱ्या कामाला लागतो. दोन्हींची लक्षणं एकमेकांच्या उलट असतात, आणि हे न पाहता थेट हत्यारं चालवायला गेलं की अर्धा दिवस चुकीच्या जागी जातो.

स्पिनलॉकवर गर्दी असेल तर एमपीस्टॅट या सीपीयूचा वापर दाखवणाऱ्या हत्यारात सिस्टिमचा, म्हणजे कर्नेलमध्ये गेलेल्या वेळेचा, टक्का उसळतो. पर्फ या लिनक्सच्या प्रोफायलरचं पर्फ टॉप उघडलं की सगळ्यात वर नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ बसलेलं दिसतं; व्हर्च्युअल मशीन असेल तर त्याचं पीव्ही हे अक्षर लागलेलं भावंड. एआरएम मशीनवर नावातलं नेटिव्ह गळतं, बाकी तेच. या नावाला घाबरून कर्नेलमध्ये बग आहे असं समजू नका. ते फक्त वाट पाहण्याची जागा आहे. कोणतं लॉक, ते कळण्यासाठी पर्फ रेकॉर्डला -जी देऊन त्याच्या वरची हाकमालिका (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) बघावी लागते.

झोपणाऱ्या लॉकवर गर्दी असेल तर पर्फ टॉपमध्ये काहीच सापडत नाही, कारण झोपलेला थ्रेड सीपीयूवर नसतोच. तिथे लोड अ‍ॅव्हरेज चढतं आणि सीपीयू मात्र रिकामा असतो. लिनक्सच्या लोड अ‍ॅव्हरेजमध्ये डी अवस्थेतले, म्हणजे मध्येच उठवता न येणारे थ्रेडही मोजले जातात, त्याचा हा परिणाम. डी दिसलं की लोक सवयीने डिस्ककडे बोट दाखवतात. पण डी म्हणजे डिस्क असं काही नाही. कर्नेलमधल्या लॉकसाठी थांबलेला थ्रेडही डीमध्येच दिसतो.

एक मधली अवस्थाही आहे. म्युटेक्स किंवा आरडब्ल्यूसेम ज्याने धरलंय तो थ्रेड आत्ता सीपीयूवर चालू असेल, तर वाट पाहणारा लगेच झोपत नाही, थोडा वेळ फिरून बघतो. त्यामुळे ओएसक्यू_लॉक किंवा आरडब्ल्यूसेम_स्पिन_ऑन_ओनर अशी नावं पर्फमध्ये दिसली तर ते स्पिनलॉक समजू नका. मूळ रोग झोपणाऱ्या लॉकचाच आहे.

आपल्या तक्रारीत सीपीयू खाली येतोय. म्हणजे दुसरी जात.

थांबलेले कुठे थांबलेत

त्या दोन सेकंदांतलं चित्र पकडायचं तर पीएस (प्रोसेसची यादी देणारी कमांड) लूपमध्ये चालवायचं, सेकंदाला चार-पाच वेळा, आणि निकाल फाइलीत ओतायचा. -ई, मोठ्या लिपीतला -एल आणि -ओ देऊन चारच रकाने मागा: टीआयडी (थ्रेडचा क्रमांक), स्टॅट (अवस्था), डब्ल्यूचॅन (कर्नेलमधल्या कोणत्या फंक्शनमध्ये झोपलाय) आणि कॉम (नाव). डब्ल्यूचॅनला रुंदी द्यायला विसरू नका, नाहीतर फंक्शनचं नाव अर्ध्यात कापलं जातं.

नेहमीचं पीएस -ईएफ मात्र वापरू नका. पूर्ण कमांड-लाइन दाखवण्यासाठी ते /प्रोक/<पीआयडी>/सीएमडीलाइन वाचतं, ती ओळ त्या प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असते, आणि ती मेमरी वाचायला कर्नेलला त्या प्रोसेसचं एमएमॅप_लॉक, म्हणजे तिच्या मेमरीच्या नकाशावरचं लॉक, घ्यावं लागतं. तेच लॉक अडलेलं असेल तर तुमचं पीएसही रांगेत जाऊन उभं राहतं. ‘मध्येच पीएस हँग होतं’ ही तक्रार तुमच्याकडे वेगळी नोंदवलेली असेल तर ती वेगळी नाही. खरं तर तो या रोगाचा सगळ्यात सोपा पुरावा आहे. कॉम आणि स्टॅट या रकान्यांना ते लॉक लागत नाही.

आता त्या फाइलीत काय दिसतं? बहुतेक थ्रेड फ्युटेक्सच्या (ॲप्लिकेशनची लॉक ज्यावर थांबतात त्या कर्नेलच्या सोयीच्या) प्रतीक्षेत, एस म्हणजे साध्या झोपेच्या अवस्थेत. इथे घाई करून ‘हे तर ॲप्लिकेशनचं लॉक आहे, डेव्हलपरांकडे पाठवा’ असं म्हणायचा मोह होतो, आणि पुष्कळदा तिकीट इथूनच भलत्या टेबलावर जातं. बहुमताकडे बघू नका, अल्पमताकडे बघा. शंभर थ्रेड फ्युटेक्सवर आणि त्यात तीन-चार आरडब्ल्यूसेम_डाउन_राइट_स्लोपाथ किंवा आरडब्ल्यूसेम_डाउन_रीड_स्लोपाथमध्ये असतील, तर गोष्ट अशी आहे: त्या चौघांपैकी एकाने ॲप्लिकेशनचं लॉक हातात घेतलं, मग मेमरी मागायला कर्नेलमध्ये गेला, तिथे अडकला, आणि बाकीचे शंभर त्याच्यामागे अडले. खरोखरच सगळे फ्युटेक्सवर असतील आणि डीमध्ये एकही नसेल, तरच प्रश्न ॲप्लिकेशनचा. मग जेस्टॅक (जावा थ्रेडांचे स्टॅक छापणारं हत्यार) घ्या, हा लेख तुमच्या कामाचा नाही.

डीमधल्या एखाद्या थ्रेडचं /प्रोक/<टीआयडी>/स्टॅक रूट म्हणून वाचलं तर पूर्ण हाकमालिका मिळते. वरती आरडब्ल्यूसेमचं स्लोपाथ, खाली व्हीएम_एमएमॅप_पीजीऑफ किंवा एमप्रोटेक्ट किंवा मुनमॅप. दुसऱ्या एखाद्यात पेज फॉल्टचं, म्हणजे अजून न जोडलेल्या पानाला हात लागला की ते जोडून देणारं, फंक्शन. हे दोन्ही एकत्र दिसले की लॉक ओळखलंच: एमएमॅप_लॉक.

प्रत्येक प्रोसेसच्या पत्त्यांच्या नकाशावर असं एक लॉक असतं. पूर्वी त्याला एमएमॅप_सेम म्हणत. २०२० मधल्या ५.८ कर्नेलपासून एमएमॅप_लॉक. एमएमॅप, मुनमॅप, एमप्रोटेक्ट, बीआरके हे सगळे नकाशा बदलतात म्हणून लिहिण्यासाठी घेतात. पेज फॉल्ट फक्त नकाशा बघतो म्हणून वाचण्यासाठी घेतो. त्रास एकाच प्रोसेसला का, याचं उत्तर इथेच मिळालं: लॉक प्रत्येक प्रोसेसचं स्वतःचं असतं, शेजाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

पर्फ लॉक कंटेन्शन

स्टॅक बघून अंदाज येतो, आकडे मिळत नाहीत. त्यासाठी पर्फ लॉक कंटेन्शन. जुन्या लेखांमध्ये दिलेली पर्फ लॉक रेकॉर्ड ही कमांड चालवून पाहिली असेल तर लॉकडेप आणि लॉक_स्टॅट (कर्नेलमधली लॉक तपासण्याच्या सोयी) चालू आहेत का, अशी विचारणा करणारी चूक आली असेल. ती जुनी पद्धत कर्नेलमधल्या ज्या ट्रेसपॉइंटांवर (नोंद घेण्यासाठी कोडमध्ये ठेवलेल्या जागांवर) उभी होती ते फक्त खास तपासणीसाठी बांधलेल्या कर्नेलमध्येच असतात. २०२२ च्या ५.१९ कर्नेलमध्ये नामह्युंग किम यांनी कंटेन्शन_बिगिन आणि कंटेन्शन_एंड हे दोन नवे ट्रेसपॉइंट आणले. लॉक सहज मिळालं तर ते काहीच करत नाहीत. वाट पाहायची वेळ आली तरच नोंद होते. म्हणून ते चालू प्रॉडक्शन मशीनवर थोडा वेळ लावायला हरकत नसते.

-ए म्हणजे सगळे सीपीयू, -बी म्हणजे बेरीज कर्नेलमध्येच बीपीएफने (कर्नेलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीने) कर, मोठ्या लिपीतला -ई १० म्हणजे पहिल्या दहाच ओळी दाखव. शेवटी स्लीप ७० जोडा, म्हणजे मिनिटाचं एक चक्र नक्की त्यात सापडेल. काही वितरणांच्या पर्फमध्ये बीपीएफचा भाग बांधलेलाच नसतो. तिथे -बी चालत नाही, मग पर्फ लॉक रेकॉर्डने (नव्या पर्फ आणि कर्नेलवर वरची चूक येत नाही) आधी फाइल करून घ्यावी लागते आणि ती गर्दीच्या मशीनवर बघता बघता फुगते.

निकालात किती वेळा वाट पाहिली, एकूण किती, जास्तीत जास्त किती, सरासरी किती, लॉकचा प्रकार आणि हाक मारणारं फंक्शन असे रकाने येतात. क्रम एकूण वाटेवर लागतो. मी तो सोडून जास्तीत जास्त वाटेवर लावतो, -के देऊन. कारण एकूण वाटेत नेहमीची बारीकसारीक स्पिनलॉकं लाखो वेळा मोजली जाऊन वर येतात आणि त्यांचा तुमच्या दोन सेकंदांशी काही संबंध नसतो. आपल्याला दोन सेकंदांची एक वाट हवी आहे, दोन मायक्रोसेकंदांच्या दहा लाख नकोत. प्रकाराच्या रकान्यात आरडब्ल्यूसेम:डब्ल्यू आणि आरडब्ल्यूसेम:आर, आणि जास्तीत जास्त वाटेत सेकंदांत मोजण्याइतका आकडा दिसला की जागा पक्की.

पण इथपर्यंत जे सापडलं ते सगळं पीडितांबद्दल आहे. हाक मारणाऱ्या फंक्शनचा रकाना हा वाट पाहणाऱ्याचा पत्ता आहे, धरून बसणाऱ्याचा नाही. या विषयातल्या बऱ्याच तपासण्या याच पायरीवर थांबतात. अहवालात ‘एमएमॅप खूप होतात’ असं लिहिलं जातं, मग मॅलॉकची (प्रोग्रॅमला मेमरी वाटणाऱ्या फंक्शनची) ट्यूनिंग सुरू होते, ग्राफवरचे काटे थोडे बुटके होतात आणि तिकीट बंद. पुढच्या महिन्यात तेच तिकीट पुन्हा उघडतं.

धरून कोण बसलंय

पर्फमध्ये धारकाचं नाव दाखवण्याचाही पर्याय आहे, लॉक-ओनर, आणि म्युटेक्ससाठी तो उत्तम चालतो. आरडब्ल्यूसेम लिहिण्यासाठी धरलेलं असेल तरीही चालतो. पण वाचण्यासाठी धरलेलं असेल तर कर्नेल सगळ्या वाचकांची यादी ठेवत नाही. शेवटी आलेल्या एका वाचकाची खूण तेवढी राहते, तीही सूचनेपुरती. तो कधीच निघून गेलेला असू शकतो. म्हणजे आपल्याला ज्या वेळी हवं असतं नेमकं त्याच वेळी ते भरवशाचं नसतं.

आणि आपल्या प्रकरणात धारक वाचकच असण्याची शक्यता मोठी. का, ते समजून घ्यायला हवं, कारण ‘वाचक एकमेकांना अडवत नाहीत’ हे वाक्य आपण सगळे पाठ करून बसलेलो असतो. अभ्यासिकेत एकच मुलगा निवांत वाचत बसलाय. शिपाई झाडू घेऊन आला. मुलगा उठेपर्यंत त्याला झाडता येत नाही, म्हणून तो दारात थांबला, आणि आपली पाळी आधी म्हणून नव्या मुलांनाही आत सोडेना. आता दाराबाहेर रांग लागली. रांगेतले सगळे वाचायलाच आलेत, आतला एकटाही वाचतोच आहे, तरी सगळं ठप्प. आरडब्ल्यूसेमचा नियम हाच: लिहिणारा रांगेत लागला की नंतर आलेले वाचक त्याच्या मागे. हा नियम नसता तर वाचकांच्या ओघात लिहिणाऱ्याची पाळी कधी आलीच नसती.

तर आपल्याला तो निवांत वाचक हवा आहे. ५.११ पासून कर्नेलमध्ये खास एमएमॅप_लॉकचे तीन ट्रेसपॉइंट आहेत: मागायला सुरुवात, मिळालं, सोडलं. बीपीएफट्रेस या बीपीएफच्या स्क्रिप्ट-भाषेत ‘मिळालं’च्या जागी टीआयडी आणि एमएम (मेमरी-नकाशाची खूण) यांच्या जोडीवर वेळ लिहून ठेवायची, ‘सोडलं’च्या जागी वजाबाकी करायची, फरक दहा मिलिसेकंदांहून जास्त असेल तरच प्रोसेसचं नाव, वाचन की लेखन, आणि कर्नेल स्टॅक छापायचा. पाच-सहा ओळींचं काम आहे. हे ट्रेसपॉइंट लॉकच्या प्रत्येक देवघेवीला उडतात, नुसत्या गर्दीला नाही, त्यामुळे ते दिवसभर लावून ठेवू नका. एक चक्र पकडलं की बंद करा.

आणि छापून काय येतं? तुमच्या सेवेचं नाव नाही. दुसऱ्याच एका प्रोसेसचं नाव येतं: मशीनवर बसवलेला मॉनिटरिंग एजंट. स्टॅकमध्ये व्हीएफएस_रीड, त्याच्या पोटात एम_स्टॉप, म्हणजे /प्रोकमधली मेमरी-नकाशाची फाइल वाचून झाल्यावर लॉक सोडणारं फंक्शन.

दर मिनिटाला एजंट प्रत्येक प्रोसेसचं /प्रोक/<पीआयडी>/स्मॅप्स वाचतो, पीएसएस काढायला. पीएसएस म्हणजे सामायिक पानांचा वाटा वाटून दिल्यावर उरलेली खरी मेमरी. आकडा छान आहे, पण फुकट येत नाही. तो तयार नसतो. प्रत्येक वेळी पेज टेबल (कोणतं पान मेमरीत कुठे आहे त्याची यादी) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन पानं मोजावी लागतात, आणि तेवढा वेळ एमएमॅप_लॉक वाचनासाठी हातात असतं. ६४ जीबी मेमरी ४ केबीच्या पानांनी भरली असेल तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक नोंदी. २ एमबीची मोठी पानं असती तर ३२,७६८. रीस्टार्टनंतर बरं का वाटायचं, तेही यातच आलं: तेव्हा चालायला पानंच कमी असतात.

ट्रेसपॉइंट नसलेलं जुनं कर्नेल असेल तर एजंटवरच एसट्रेस (सिस्टिम कॉल नोंदवणारं हत्यार) लावा, -एफ, -टी मोठ्या लिपीतला आणि -वाय देऊन. कोणत्या फाइलीवरच्या रीडला किती वेळ लागला ते ओळीच्या शेवटी कंसात येतं. तुमच्या सेवेच्या स्मॅप्सवरचा एखादा रीड सेकंदभराचा असेल आणि घड्याळ काट्याशी जुळत असेल तर आणखी पुरावा कशाला हवा.

सीपीयू मर्यादेची फोडणी

इथे हिशेब जुळत नाही असं वाटणारे वाचक बरोबर आहेत. दीड-पावणेदोन कोटी नोंदी चालायला आजच्या सीपीयूला सेकंदभर लागू नये. चाचणीच्या मशीनवर तेवढ्याच प्रोसेसचं स्मॅप्स कॅट करून डेव्ह-नलमध्ये टाकलं आणि टाइम लावला तर काही शे मिलिसेकंदांत काम उरकतं. (हे चालू प्रॉडक्शनवर करू नका, तुम्ही स्वतःच तो काटा तयार कराल.) मग प्रत्यक्षात दोन-तीन सेकंद का?

कारण एजंट कंटेनरमध्ये आहे, आणि ‘मॉनिटरिंगने मशीन खाऊ नये’ म्हणून कोणीतरी जपून त्याला सीपीयूची मर्यादा घातली आहे. कुबरनेटीसमध्ये १०० मिली-सीपीयू, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत १० मिलिसेकंद चालायची परवानगी. कोटा संपला की शेड्युलर त्याला पुढच्या १०० मिलिसेकंदांपर्यंत थांबवतो (हेच थ्रॉटलिंग), आणि तो थांबतो तेव्हा कर्नेलमध्ये असतो, हातात तुमच्या सेवेचं लॉक घेऊन. ३०० मिलिसेकंदांच्या कामाला अशा तीस फेऱ्या लागतात. झाले तीन सेकंद. मर्यादा जितकी काटेकोर, तितकं लॉक जास्त वेळ अडकलेलं. मोठ्या सेवेला वाचवायला घातलेली वेसण तिच्याच गळ्यात पडते.

तपासायला सोपं आहे. एजंटच्या सीग्रुपमधल्या (कर्नेल ज्यावर मर्यादा लावतं त्या प्रोसेस-गटातल्या) सीपीयू.स्टॅट फाइलीत एनआर_थ्रॉटल्ड आणि थ्रॉटल्ड_यूसेक हे आकडे काट्याच्या आधी आणि नंतर वाचा. उडी मारत असतील तर हेच. टाइमच्या निकालातही फरक दिसतो: खरा वेळ मोठा आणि सिस्टिम वेळ छोटा असेल तर एक तर एजंट थ्रॉटल होतोय, नाहीतर तोही बिचारा दुसऱ्या कोणाच्या मागे रांगेत आहे. खरा आणि सिस्टिम दोन्ही जवळपास सारखे असतील तर तो खरोखरच चालतोय.

अगदी अलीकडच्या कर्नेलमध्ये थ्रॉटलिंग यूजर-स्पेसमध्ये परतताना करण्याचं काम झालं आहे, म्हणजे लॉक हातात असताना थ्रेड अडकणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या मशीनवर ते पोहोचायला वेळ आहे.

उपाय, मी ज्या क्रमाने करतो त्या क्रमाने

पहिला: पीएसएस बंद करा. एजंटच्या सेटिंगमध्ये कुठेतरी पीएसएस, यूएसएस किंवा ‘तपशीलवार मेमरी’ असा पर्याय असतो, तो काढा. आरएसएस, म्हणजे वाटा न पाडता मोजलेली प्रोसेसची मेमरीतली पानं, पुरतो. आरएसएस /प्रोक/<पीआयडी>/स्टॅटस किंवा स्टॅटएममध्ये तयार मोजणीतून मिळतो, पेज टेबल चालावं लागत नाही आणि एमएमॅप_लॉकही लागत नाही. पीएसएसचा ग्राफ तुमच्याकडे शेवटचा कोणी कधी उघडला होता, हे टीममध्ये एकदा विचारून बघा.

पीएसएस हवाच असेल तर लोक स्मॅप्स_रोलअपकडे वळतात. सावध. ही फाइल २०१७ मध्ये ४.१४ पासून आली, आणि एकच बेरीज देते म्हणून हलकी वाटते. मजकूर कमी छापते हे खरं, पण पानं तेवढीच मोजते. वर, स्मॅप्स वाचताना निदान एका रीडपासून दुसऱ्या रीडच्या मध्ये लॉक सुटतं. सुरुवातीचं रोलअप मात्र अख्खी प्रोसेस चालून होईपर्यंत ते सोडतच नसे. म्हणजे जुन्या कर्नेलवर हा ‘सुधारित’ मार्ग आणखी वाईट. ५.१० पासून रोलअप मध्येमध्ये बघतं, कोणी लिहिणारा खोळंबला असेल तर लॉक सोडून पुन्हा घेतं. त्यापुढच्या कर्नेलवर वापरायला हरकत नाही; आरएचईएल ८ च्या ४.१८ सारख्या आकड्यावर डोळे मिटून वापरू नका. रेड हॅट नवे बदल जुन्या आकड्यावर आणून बसवते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून हो किंवा नाही सांगता येत नाही, मोजूनच बघा.

दुसरा: एजंटची सीपीयू मर्यादा सैल करा किंवा काढा. रिक्वेस्ट (किमान हमी) ठेवा, लिमिट (कमाल मर्यादा) नको. याला विरोध होतो, कारण धोरणात सगळ्यांना लिमिट सक्तीचं असतं. वरचा तीस फेऱ्यांचा हिशेब दाखवा.

तिसरा: कर्नेल बदला, शक्य असेल तर. २०२३ च्या ६.४ मध्ये सुरेन बाघदासारियन यांचं काम आलं, ज्यात नकाशाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचं लॉक मिळालं. साधे पेज फॉल्ट आता एमएमॅप_लॉककडे न जाता आपापल्या तुकड्याच्या लॉकवर भागवतात. डेबियन १२ चं ६.१ या रेषेच्या अलीकडे राहतं, उबुंटू २४.०४ चं ६.८ पलीकडे. पण हे रामबाण समजू नका. एमएमॅप आणि मुनमॅप अजूनही मुख्य लॉक लिहिण्यासाठीच घेतात आणि स्मॅप्स वाचणाऱ्याच्या मागे अजूनही थांबतात. काटे बुटके होतील, जातीलच असं नाही.

चौथा, ज्याने लोक सुरुवात करतात: लिहिणाऱ्यांची संख्या कमी करणं. ग्लिबसीचं (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं) मॅलॉक ६४-बिट मशीनवर कोअरच्या आठपट अरीना (मेमरीचे वेगवेगळे साठे) उघडू शकतं, आणि मुख्य सोडून बाकीच्या अरीना वाढताना एमप्रोटेक्ट करतात. म्हणजे प्रत्येक वाढ एक लिहिणारा. मोठे तुकडे तर थेट एमएमॅपने घेतले जातात आणि मुनमॅपने परत दिले जातात. मॅलॉक_अरीना_मॅक्स कमी करून किंवा जेमॅलॉक ही पर्यायी लायब्ररी लावून हे खरंच घटतं. आरोग्याला चांगलं आहे, करा. पण धारक तसाच ठेवून फक्त हेच केलं तर दारातले शिपाई कमी होतील, आतला वाचक तिथेच.

मोठी पानं हा पाचवा. पानांची संख्या घटते म्हणून चालणं झपाट्याने आटोपतं. मात्र ट्रान्सपरंट ह्यूज पेजचे, म्हणजे कर्नेल आपोआप देतं त्या मोठ्या पानांचे, स्वतःचे नखरे आहेत, आणि काही डेटाबेस ते बंद ठेवायला स्पष्ट सांगतात. फक्त या एका प्रश्नासाठी मी ते चालू करणार नाही.

एजंट नसेल तर

घड्याळासारखं अंतर असेल तर मी आधी मोजणाऱ्यांवरच संशय घेतो, कारण मशीनवर घड्याळ लावून चालणारे तेच असतात. स्मॅप्स हा एक प्रकार झाला. शेकडो कंटेनरच्या मशीनवर मेमरी.स्टॅट वाचताना सीग्रुपची साठलेली मोजणी गोळा करावी लागते, तिथेही लॉक आहे. नेटवर्क इंटरफेसची यादी सारखी मागणारा एजंट आरटीएनएल या नेटवर्क-सेटिंगवरच्या म्युटेक्सवर गर्दी करतो. ते अख्ख्या यंत्रणेत एकच असल्याने अशा वेळी नवे कंटेनर सुरू व्हायला उशीर लागतो, आणि बोट वेगळ्याच टीमकडे दाखवलं जातं. लाखो सॉकेट असलेल्या मशीनवर /प्रोक/नेट/टीसीपी वाचणं टाळा, एसएस ही कमांड वापरा.

अंतर ठरावीक नसेल आणि सीपीयू वर जात असेल तर स्पिनलॉकच्या वाटेने जा. एकाच प्रोसेसचे सगळे थ्रेड सतत सॉकेट उघडत-मिटत असतील तर फाइल डिस्क्रिप्टरच्या टेबलावरचं लॉक. सगळे एकच पाथ उघडत असतील तर डेंट्रीचं (पाथमधल्या नावाच्या कर्नेलमधल्या नोंदीचं) लॉक. मेमरीची चणचण असेल तर पानं परत मिळवणाऱ्या यादीवरचं लॉक, आणि तिथे उपाय लॉकवर नाही, मेमरीवर करायचा असतो. एकाच फाइलीत अनेक थ्रेड लिहीत असतील तर आयनोडचं (फाइलीच्या कर्नेलमधल्या नोंदीचं) आरडब्ल्यूसेम, पण ते झोपणारं आहे, म्हणजे पुन्हा डी अवस्था. क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनवर स्पिनलॉकची वाट अवाच्या सवा मोठी दिसली तर एमपीस्टॅटमधला स्टीलचा रकाना बघा: लॉक धरलेला व्हीसीपीयूच होस्टने बाजूला काढून ठेवलेला असू शकतो. तिथे तुमच्या कर्नेलमध्ये शोधून काही हाती लागणार नाही.

/प्रोक/लॉक_स्टॅटबद्दल हमखास विचारलं जातं. २००७ पासून आहे, आणि वाट किती व धरलं किती हे दोन्ही देतं, म्हणून आकर्षक आहे. पण ते लॉकडेपच्या यंत्रणेवर उभं आहे, वितरणांच्या नेहमीच्या कर्नेलमध्ये बंद असतं, आणि चालू केलं की प्रत्येक लॉक इतकं जड होतं की गर्दीचं चित्रच बदलतं. प्रयोगशाळेतल्या मशीनवर, स्वतः बांधलेल्या कर्नेलवर, मोठी बेरीज बघायला ठीक.

गेलं का, ते बघताना

बदल केल्यावर लगेच मोजू नका. सेवा रीस्टार्ट झाली असेल तर मेमरी पुन्हा पहिल्याइतकी भरेपर्यंत थांबा, नाहीतर रीस्टार्टचं श्रेय तुमच्या उपायाला जाईल. मग तीच पर्फ लॉक कंटेन्शनची सत्तर सेकंदांची मोजणी, दिवसाच्या त्याच गर्दीच्या वेळी, आणि जास्तीत जास्त वाटेचा रकाना शेजारी ठेवा. एजंटमधला पर्याय एखाद्या अपडेटने पुन्हा चालू होतो, हे प्रकरण परत येण्याचं ते नेहमीचं कारण. म्हणून एजंटच्या सेटिंगची फाइल कॉन्फिग मॅनेजमेंटमध्ये घ्या आणि पीएसएस बंद का आहे याची एक ओळ टिप्पणी त्यातच लिहा, प्रोसेसच्या नावासकट.